कानांनाही शर्यत दिसू द्या : एफआयएला एका प्रेक्षकाचे खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि जागतिक मोटारस्पोर्ट परिषदेचे सर्व सदस्य,
एफआयए (आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ), पॅरिस

महोदय,

२०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या अध्यक्षांनी फॉर्म्युला वनसाठी शाश्वत इंधनावर चालणाऱ्या व्ही-१० (दहा सिलिंडरच्या) इंजिनांचा विषय जाहीरपणे काढला, एप्रिलमध्ये बहरीनला इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर त्यावर बैठक झाली, आणि त्याच वर्षी पुढे व्ही-१० ऐवजी व्ही-८ चे नाव घेतले जाऊ लागले. इंजिनांचे २०२६ चे नियम ठरल्याप्रमाणे लागू झाले आहेत. त्यांच्यानंतर काय, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. या चर्चेत ‘प्रेक्षकांना आवाज हवा आहे’ असे वारंवार म्हटले गेले. मी त्या प्रेक्षकांपैकी एक. आमच्या नावाने जे मागितले जात आहे, ते आम्हाला हवे तेच आहे का, हे एकदा तपासून पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी पुण्यात राहतो आणि गेली बावीस वर्षे इंजिन चाचणीच्या कामात आहे. टेस्ट बेडच्या जाड काचेआड उभे राहून इंजिन ऐकणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. त्याआधीचे शिक्षण मात्र गॅरेजमधले. आमच्या पेठेतला एक वयस्क फिटर गाडी दारात थांबायच्या आत ‘टॅपेट वाजतायत’ किंवा ‘एका सिलिंडरला मिसिंग आहे’ असे सांगून मोकळा होत असे. तेच निदान संगणक जोडून करायला मला आज दहा मिनिटे लागतात. इंजिनाचा आवाज ही बातमी असते आणि ती वाचता येते, हे मी त्याच्याकडून शिकलो. या पत्रात मला जे म्हणायचे आहे, त्याचे मूळ तिथे आहे.

३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर पहिली इंडियन ग्रांप्री झाली, तेव्हा मी आणि माझे तीन मित्र पुण्याहून रेल्वेने दिल्ली गाठून तिथे पोहोचलो होतो. शुक्रवारच्या पहिल्या सरावात एक भटका कुत्रा ट्रॅकवर आला म्हणून लाल झेंडा दाखवावा लागला होता, आणि तो जणू आमच्याच गल्लीतून तिथे गेला असावा अशी लाज आम्हा चौघांना वाटली होती. रविवारी शर्यत संपताना चेकर्ड फ्लॅग सचिन तेंडुलकरने दाखवला, त्यामुळे ज्यांना फॉर्म्युला वनमधले ओ की ठो कळत नव्हते तेही घरी टीव्हीसमोर बसले होते.

आमची जागा मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटी, पहिल्या वळणाच्या बाजूला होती. गाडी दिसण्याआधी तिचा आवाज आला, आणि तो कानांच्या आधी बाकाच्या फळीतून मांड्यांना कळला. मग ब्रेक लागला की सातव्या गिअरवरून खाली येताना चार वेगवेगळे ठोके, चौथ्यानंतर श्वास घेतल्यासारखी एक क्षणाची उसंत, आणि वळणातून बाहेर पडताना पुन्हा वर चढत जाणारा सूर. दहाव्या फेरीपर्यंत माझा मित्र हे ठोके बोटांवर मोजू लागला होता. विसाव्या फेरीनंतर कोणी ब्रेक उशिरा लावला, कोणी अ‍ॅक्सिलरेटर लवकर दिला आणि मागचे चाक घसरताच कोणी पाय मागे घेतला, हे आम्हाला डोळे मिटूनही कळत होते. नारायण कार्तिकेयनची एचआरटी बरीच मागे होती, पण तिच्या कॉसवर्थ इंजिनाची चाहूल लागली की आमचा सगळा स्टँड उठून उभा राहत असे.

या अनुभवामागे एक साधा हिशेब आहे, आणि तो नियम लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो असे मला वाटते. ५.१२५ किलोमीटरची ती फेरी गाड्या साधारण दीड मिनिटात पूर्ण करत होत्या. आमच्या जागेवरून एखादी गाडी फार तर सात सेकंद दिसे. साठ फेऱ्यांची मिळून झाली सात मिनिटे. म्हणजे दीड तासाच्या शर्यतीत एखाद्या चालकाचे डोळ्यांच्या वाट्याला आलेले दर्शन सात मिनिटांचे, आणि बाकी सगळी शर्यत कानांनी पाहायची. टीव्हीसमोर बसलेल्याला कॅमेरा गाडीबरोबर फिरवून आणतो, तक्ते दाखवतो, चालकाचे रेडिओवरचे बोलणे ऐकवतो. ट्रॅकवर आलेल्याकडे यातले फारसे काही नसते. त्याच्याकडे आवाज असतो.

भारतातल्या तिन्ही ग्रांप्री, म्हणजे २०११, २०१२ आणि २०१३ च्या, सेबास्टियन फेटेलने जिंकल्या आणि तिन्ही २.४ लिटरच्या व्ही-८ इंजिनांच्या काळातल्या होत्या. त्यानंतर ही शर्यत आमच्याकडे झालीच नाही, त्यामुळे फॉर्म्युला वनच्या टर्बो हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि वीज मिळून चालणाऱ्या) गाड्यांची शर्यत भारताच्या भूमीवर कोणी ऐकलेलीच नाही. आमची आठवण बरणीत घातलेल्या लोणच्यासारखी त्या तीन वर्षांत मुरत राहिली आहे. म्हणून जुन्या आवाजाचे कौतुक माझ्यासारख्याच्या तोंडून ऐकताना आपण थोडी सूट धरून ऐकावे, हे मी आधीच मान्य करतो.

परंतु २०१३ च्या इंडियन ग्रांप्रीनंतर अवघ्या पाच महिन्यांनी, ३० मार्च २०१४ ला, मी मलेशियात सेपांगला होतो. तिथला मोठा ग्रँडस्टँड दोन लांब सरळ रस्त्यांच्या मधोमध उभा आहे, त्यामुळे गाड्या एका बाजूने जातात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात. व्ही-६ टर्बो हायब्रिडची ती दुसरीच शर्यत. कानात घालायचे बोळे मी खिशातून काढलेच नाहीत. निवेदकाचे बोलणे कळत होते, चाक लॉक झाल्यावर टायरची किंकाळी ऐकू येत होती, शेजारच्या कुटुंबातल्या बाई नवऱ्याला पाण्याची बाटली मागत होत्या तेही ऐकू येत होते. टायरचे ऐकू येणे मला आवडले. ती बातमी मला दिल्लीला मिळाली नव्हती. पण इंजिनाकडून येणारी बातमी तुटक झाली होती. गिअर कधी पडला हे ओळखायला मला कान ताणावे लागत होते, आणि आठव्या-नवव्या फेरीनंतर मी ते ओळखणे सोडून मोठ्या पडद्याकडे पाहू लागलो.

पुढे पुण्याला परतल्यावर मी कागदावर गणित मांडले. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. २००५ पर्यंतची ३ लिटरची व्ही-१० इंजिने १९,००० आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) पुढे जात होती. म्हणजे सेकंदाला सुमारे १,५८० ठोके. २००९ पासून व्ही-८ ला १८,००० ची मर्यादा होती. त्याचे नेमके १,२०० ठोके होतात. २०१४ च्या व्ही-६ ला १२,००० वर धरले तर ६००. ज्याने थोडेफार गाणे ऐकले आहे त्याला हे आकडे पाहताच काय झाले ते कळेल. व्ही-८ वरून व्ही-६ वर येताना सूर बरोबर एक सप्तक खाली आला. आणि व्ही-८ च्या सुराला षड्ज मानले, तर व्ही-१० चा सूर जवळपास शुद्ध मध्यमावर लागतो. लोक ‘आवाज कमी झाला’ म्हणून तक्रार करत होते, पण त्याबरोबर पट्टीही बदलली होती. शिवाय नियमाने ठरलेल्या ९० अंशांच्या व्ही-६ रचनेमुळे आणि तीन पिनांच्या क्रँकमुळे ठोके समान अंतराने पडत नाहीत. एक अंतर ९० अंशांचे तर पुढचे १५० चे. लयच थोडी लंगडी. ती मला व्यक्तिशः नापसंत नाही, पण सनई ऐकायला आलेल्यापुढे दुसरेच वाद्य ठेवले आहे, एवढे तरी त्याला सांगायला हवे होते.

इथे एक गोष्ट नीट नोंदवली पाहिजे, कारण पुढच्या नियमांसाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. २०१४ च्या नियमपुस्तकात आरपीएमची मर्यादा १२,००० नव्हती, १५,००० होती. कागदावर इंजिनाला पुष्कळ मोकळीक होती. पण त्याच पुस्तकात इंधनाचा प्रवाह ताशी १०० किलोवर बांधला होता आणि तो कमाल प्रवाह १०,५०० आरपीएमलाच मिळत होता. त्यापुढे इंजिन फिरवले तर इंधन वाढत नाही, घर्षण मात्र वाढते. मग कोणता शहाणा अभियंता १५,००० पर्यंत जाईल? आवाज टर्बोने खाल्ला, एकाच एक्झॉस्टने खाल्ला, टर्बाइनला जोडलेल्या एमजीयू-एच या वीज बनवणाऱ्या यंत्राने धुरातली उरलीसुरली ताकद शोषून घेतली, हे सगळे खरेच. पण सप्तक खाली आणले ते इंधनाच्या कलमाने.

या इंजिनांची निंदा करण्यासाठी मी हे लिहीत नाही, उलट माझ्या व्यवसायातल्या माणसाने त्यांना हात जोडावेत अशी ती होती. मर्सिडीजने २०१७ मध्ये टेस्ट बेडवर ५० टक्क्यांहून अधिक औष्णिक कार्यक्षमता गाठल्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या विभागात जेवणाची सुट्टी संपली तरी त्याच विषयावर चर्चा चालू होती. इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा कामी लावणारे पेट्रोल इंजिन! आमच्यासाठी तो मोठा दिवस होता. पण ट्रॅकच्या कडेला बसलेल्या माणसाला कार्यक्षमता ऐकू येत नाही, आणि ती त्याला ऐकू यावी असा काही उपायही आपण केला नाही.

जे उपाय झाले ते मात्र आम्ही पाहिले. मे २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या चाचणीत मर्सिडीजच्या एक्झॉस्टला कर्ण्यासारखा भोंगा बसवून पाहण्यात आला. ते छायाचित्र पाहून आमच्याकडच्या रिकामटेकड्या पोरांनी बुलेटला बसवलेले सायलेन्सर मला आठवले. भोंग्याने काही साधले नाही. २०१६ पासून वेस्टगेटसाठी (टर्बोला नको असलेला धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेसाठी) वेगळी नळी सक्तीची केली, त्याने थोडा फरक पडला. दोन्ही उपायांमागची समजूत एकच होती, ती म्हणजे प्रेक्षकाला डेसिबल हवेत.

ते तसे नाही, हे आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना निराळे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या शहरांत पोलीस कर्कश सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली चिरडतात आणि त्यांच्या बातम्या छापून येतात. मी त्या समाधानाने वाचतो. गणपतीच्या मिरवणुकीत ताशाची तर्री आणि ढोलाचा ठेका ऐकायला आम्ही तासन्‌तास उभे राहतो, आणि त्याच रस्त्यावर डीजेच्या भिंती आल्या की कानांवर हात ठेवून गल्लीत शिरतो. मोजायला गेले तर दोन्हींनी कानांचे नुकसानच होते. पण ताशात वाजवणाऱ्याचा हात ऐकू येतो. आम्हाला इंजिनातून चालकाचा पाय ऐकू यायला हवा आहे.

याच कसोटीवर मला २०२६ च्या नियमांची काळजी वाटते. एमजीयू-एच गेला, याचे मी स्वागत करतो. पण एमजीयू-के, म्हणजे चाकांना जोर देणारी विजेची मोटर, १२० किलोवॉटवरून ३५० वर गेली आहे, म्हणजे जवळपास निम्मी ताकद आता विजेची. ताशी २९० किलोमीटरच्या पुढे विजेची मदत कमी कमी होत जाते, आणि बॅटरी भरण्यासाठी सरळ रस्त्यावर पाय पूर्ण दाबलेला असतानाही इंजिनाच्या ताकदीतला वाटा तिकडे वळवता येतो. अशा वेळी ट्रॅकच्या कडेला बसलेल्या माणसाने ऐकलेल्या आवाजाचा काय अर्थ लावायचा? इंजिन जोर करते आहे आणि गाडी मात्र वेग सोडते आहे; सूर उतरला, तो चालकाने उतरवला की संगणकाने? २०११ मध्ये आवाज आणि पाय यांच्यात एक दोरी बांधलेली होती. ती दोरी आता एका पेटीतून जाते, आणि पेटीत काय चालले आहे ते फक्त गाडीच्या चमूला दिसते.

कोणी म्हणेल की मग सरळ विजेवरच्या शर्यतीच पाहाव्यात. मी त्याही पाहिल्या आहेत. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला हुसेन सागराच्या काठी फॉर्म्युला ई ची शर्यत झाली, तिथे मी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. कानात बोळे घालायची गरज नव्हती, शर्यत चालू असताना ती मला प्रश्न विचारू शकत होती आणि मी उत्तरे देऊ शकत होतो. मोटारींचा शिट्टीसारखा आवाज वेगाबरोबर चढत-उतरत होता, भिंतीला चाक घासले की ते स्पष्ट ऐकू येत होते. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीनंतर ती म्हणाली, “बाबा, ब्रेक मारला की हिचा आवाज खाली घसरतो, बघ.” तिला तो आवाज वाचता आला. आवाज लहान होता, पण खोटा नव्हता, आणि त्यातून जे कळायला हवे ते तिला कळत होते. त्या दिवसापासून मी ‘मोठा आवाज’ हे शब्द वापरणे सोडले.

व्ही-१० च्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्यांना मी दोष देत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अबू धाबीला फर्नांडो अलोन्सोने २००५ ची रेनॉ आर-२५ चालवली, त्याची चित्रफीत मी किती वेळा ऐकली हे घरी विचारू नये. जुलै २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला फेटेलने नायजेल मॅन्सेलची १९९२ ची विल्यम्स एफडब्ल्यू-१४बी शाश्वत इंधनावर चालवून दाखवली. तेव्हा जुना सूर आणि नवे इंधन यांचे वाकडे नाही हे सिद्ध झालेच आहे. पण १९९४ आणि १९९५ चे हंगाम आठवा. त्या काळी एकाच ग्रिडवर फेरारीचे व्ही-१२, रेनॉचे व्ही-१० आणि फोर्डचे व्ही-८ होते, आणि डोळे बांधून उभ्या केलेल्या माणसानेही कोण आले ते सांगितले असते. पुढे ते वैविध्य संपत गेले आणि २००० पासून दहा सिलिंडर नियमानेच बांधले गेले. ‘जुना आवाज परत आणा’ असे म्हणणाऱ्यांना विचारून पाहा, त्यांच्या मनात बहुधा एक आवाज नसतो; अनेक असतात.

म्हणून पुढच्या इंजिनाचे कलम लिहिताना सिलिंडर किती, यावर सगळी चर्चा खर्च करू नये अशी माझी विनंती आहे. व्ही-८ आणले आणि त्याला इंधनाचे असे कलम लावले की ते ११,००० च्या पुढे फिरवण्यात काही अर्थच उरणार नाही, तर आठ सिलिंडर असूनही सेकंदाला ७३० च्या आसपासच ठोके मिळतील, आणि २०१४ सारखीच निराशा नव्या वेष्टनात येईल. आरपीएमची मर्यादा जेवढी लिहाल तेवढी प्रत्यक्षात वापरणे फायद्याचे ठरेल, अशी इंधनाची आणि विजेची कलमे असावीत. विजेचा वाटा किती असावा याबद्दल माझा हट्ट नाही. परंतु चालकाच्या पायाचा आणि इंजिनाच्या सुराचा संबंध तुटणार नाही, एवढी अट त्या वाट्याला घालता येईल. दोन कंपन्यांची इंजिने वेगळी वाजतील इतकी तरी मोकळीक एक्झॉस्टच्या रचनेत ठेवता येईल, आणि त्याला फार मोठा खर्च येईल असे मला माझ्या अनुभवावरून वाटत नाही. स्पीकर लावून आवाज काढण्याची कल्पना मात्र कोणी मांडलीच, तर ती दारातूनच परत पाठवावी.

आणि हे सगळे ठरवण्याआधी आपले लोक एकदा मायक्रोफोन घेऊन स्टँडमध्ये येऊन बसावेत. पिटच्या भिंतीजवळ नव्हे आणि पाहुण्यांच्या गच्चीवरही नव्हे. वळणाच्या बाहेर, जिथे तिकीट सर्वांत स्वस्त असते तिथे. पूर्ण शर्यत बसावे, मोठ्या पडद्याकडे पाठ करून. शेजारी लहान मूल असेल तर त्याच्या कानांवर संरक्षक आहे का तेही पाहावे, कारण त्याच्या कानांची किंमत देऊन मला माझे तारुण्य परत नको आहे. आवाज किती आहे हे मोजायला यंत्र आहेच. त्यातून काय कळते, हे मोजायला मात्र तिथे बसलेल्या माणसालाच विचारावे लागेल, आणि माझ्या इतक्या वर्षांत मला ते कोणी विचारलेले नाही.

आपला,
मुख्य सरळ रस्त्याच्या शेवटचा एक प्रेक्षक, पुणे

ता. क. : २०११ चे मोबाइलवरचे एक रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे. त्या फोनच्या मायक्रोफोनला तो आवाज झेपला नाही, त्यामुळे गाडी समोर असेपर्यंत नुसती फाटलेली खरखर ऐकू येते. ती गेल्यावर माझा मित्र “तीन की चार?” असे विचारतो, आणि मी “चार” म्हणतो.